अर्जासोबत गेलेली पानं

नोकरीसाठीचं इंग्रजी पत्र मी वीस मिनिटांत लिहिते. लॅपटॉपवर एक फोल्डर आहे, त्यात एकच पत्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी ठेवलेलं आहे. वरचं नाव आणि दुसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य बदललं की झालं. त्या पत्रातली मुलगी उत्साही आहे, तिला आव्हानं आवडतात, टीममध्ये ती खुलते. माझी आणि तिची फारशी ओळख नाही. नोएडातल्या ज्या ऑफिसात मी दोन वर्षं काम केलं, तिथे शेवटच्या दिवशी एचआरच्या मुलीने मला विचारलं होतं, ‘आप नई आई हो क्या?’

त्या ऑफिसात मी पानिपतच्या चादरी, ब्लँकेटं आणि पायपुसण्यांची इंग्रजी वर्णनं लिहायची. मग ते काम सॉफ्टवेअर करायला लागलं आणि आमच्या अख्ख्या रांगेला एका दुपारी निरोप मिळाला.

तेव्हा आम्ही दिल्लीत आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि त्या वर्षी रिटायर होणार होते. रिटायर झालं की नियमाप्रमाणे थोडे महिने मिळतात, मग क्वार्टर सोडावं लागतं. नाशिकला फ्लॅट घेऊन ठेवला होता. माझं काय, हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. आई तिघांची तिकिटं काढल्यासारखी बोलायची: ‘तुझी खोली मागची, तिकडून सकाळचं ऊन येतं.’

मला नाशिकला जायचं नव्हतं. मी दिल्लीत जन्मले, शाळा-कॉलेज इथेच झालं. नाशिक म्हणजे सुट्टीत मामाकडे जायचं आणि माझं मराठी ऐकून मामेभावांनी हसायचं गाव. क्वार्टर सुटायच्या आत नोकरी मिळाली तर रस्त्यापलीकडे मुनिरकात एखादी खोली घेऊन राहता येईल, एवढा साधा हिशेब मी मनात केला होता. तो कुणाला सांगितला नव्हता. मी गोष्टी सांगत नाही, आणि आमच्याकडे त्या कुणी विचारतही नाही.

एका मैत्रिणीने मला एक जाहिरात पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘यार, तुला मराठी येतं ना?’ नोएडातलीच एक छोटी कंपनी होती. गीझर, मिक्सर, बीपीचं मशीन यांच्यासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका ती वेगवेगळ्या भारतीय भाषांत करून देते. त्यांना मराठी मजकूर वाचून दुरुस्त करणारं माणूस हवं होतं. अर्जाचं पत्र मराठीत, एक पान, हाताने लिहून स्कॅन करून पाठवा, असं स्पष्ट म्हटलं होतं. मशीनकडून भाषांतर करून घेतलेल्या पत्रांना ते कंटाळले असावेत. मुदत पंधरा दिवसांची होती.

मराठी मला येतं. म्हणजे मी घरात बोलते, आणि आईने उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत शिकवल्यामुळे वाचते. लिहिण्याचं म्हणाल तर आजीला पाठवलेल्या वाढदिवसाच्या कार्डांपलीकडे मी मराठीत काही लिहिलं नव्हतं. मी माझं इंग्रजी पत्र समोर ठेवलं आणि एकेक वाक्य उचलून मराठीत आणलं. पहिलं वाक्य असं झालं: ‘आपल्या गतिमान संस्थेच्या प्रवासाचा भाग होण्यासाठी मी अत्यंत उत्कट आहे.’ ते हळू आवाजात वाचून पाहिलं आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

आईने ते पान भाजी निवडता निवडता वाचलं.

‘हे कोण बोलतंय?’

‘मी.’

‘तू अशी कधी बोलतेस? मला वाटलं बँकेतून कुणी कर्ज घ्या म्हणतंय.’ तिने पान परत दिलं. ‘बाबांना दाखव. आयुष्यभर पत्रंच लिहिली त्या माणसाने.’

बाबांनी ते तीनदा वाचलं, ‘अच्छा’ म्हणाले आणि फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर एक फाइल होती. पुठ्ठ्याची, लेस बांधलेली. उजव्या बाजूला माझं पत्र, कोपऱ्यात पान क्रमांक एक. डाव्या बाजूला हिरवा कागद. सरकारी ऑफिसात कुठलंही पत्र बाहेर जाण्याआधी त्याच्याबद्दल जे काही म्हणायचं ते अशा हिरव्या कागदावर लिहितात. एकाने लिहायचं, सही करायची, मग त्याच्याखाली दुसऱ्याने. त्याला बाबा नोटिंग म्हणतात. ऑफिसात ते हिंदीत नाहीतर इंग्रजीत करायचे. हे मराठीत होतं:

‘१. अर्जदाराचा मसुदा पाहिला.
२. अर्जदार उत्कट असल्याचे नमूद आहे. पुरावा जोडलेला नाही.
३. अर्जदाराने मागील नोकरीत नेमके कोणते काम केले, याचा उल्लेख आढळत नाही.
४. तथ्ये नोंदवून मसुदा पुन्हा सादर करावा.’

खाली सही आणि तारीख.

‘बाबा, हे काय आहे?’

‘फाइल.’

‘तोंडी सांगा ना.’

‘तोंडी तू ऐकतेस कुठे? मान हलवतेस आणि खोलीत जातेस.’

‘ऑफिसात सगळं कॉम्प्युटरवर गेलं ना,’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘हात शिवशिवतात त्यांचे.’

‘कागद ऑफिसचा नाहीये,’ बाबा मला म्हणाले. ‘मुनिरकातून विकत आणलाय. पावती आहे.’

मी मान हलवली आणि फाइल घेऊन खोलीत गेले.

उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. बाबांच्या सहीखाली मी लिहिलं: ‘पुरावा नाही, कारण मी उत्कट नाही. मला नोकरी हवी आहे.’ आजीची कार्डं सोडली तर मराठीत मी कुणाला तरी उद्देशून लिहिलेली ती बहुधा पहिलीच दोन वाक्यं. संध्याकाळी त्यांच्याखाली उत्तर आलं: ‘वरील विधान स्पष्ट आहे. जसेच्या तसे घेता येणार नाही, परंतु याच दिशेने लिहावे.’

असे दहा-बारा दिवस गेले. सकाळी फाइल माझ्याकडे यायची, ते ऑफिसातून आले की त्यांच्याकडे जायची. समोरासमोर आम्ही त्याबद्दल बोलायचो नाही. जेवताना बातम्या चालू असायच्या, फाइल फ्रिजवर असायची.

मसुदा सुधारत होता, पण तो माझा राहत नव्हता. मी काढलेली वाक्यं बाबा परत घालायचे. सुरुवातीला त्यांना ‘सविनय निवेदन करण्यात येते की’ हवंच होतं, आणि शेवटी त्यांनी स्वतः एक वाक्य लिहून दिलं: ‘तरी वरील बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ मी हिरव्या कागदावर लिहिलं, ‘मी सहानुभूती मागत नाहीये.’ त्यावर त्यांनी दोनच शब्द लिहिले: ‘चर्चा करावी.’

‘म्हणजे पटलेलं नाही,’ आईने मला समजावलं. ‘जा, बाल्कनीत बसलेत.’

मी गेले. बाबा कुंड्यांना पाणी घालत होते.

‘अगं, तो शब्द नुसता असतो,’ ते म्हणाले. ‘कुणी वाचत नाही.’

‘मग लिहायचा कशाला?’

त्यांनी तुळशीला पाणी घालेपर्यंत विचार केला. ‘नाहीतर शेवट रिकामा दिसतो.’

वाक्य राहिलं.

कामाचा उल्लेख नाही, हा तिसरा मुद्दा मात्र ते सोडायला तयार नव्हते. प्रत्येक मसुद्यावर पुन्हा तेच: ‘काय केले? कोणासाठी? काय झाले?’ मी ‘वर्णनं लिहिली’ म्हटलं तर ‘कशाची’, ‘चादरींची’ म्हटलं तर ‘एखादे उदाहरण द्यावे’. शेवटी वैतागून मी हिरव्या कागदाचं दीड पान भरून एक गोष्ट लिहिली. घरी मी ती कधी सांगितली नव्हती.

एकदा कंपनीने मला दिवसभरासाठी पानिपतला एका कारखान्यात पाठवलं होतं. तिथे ब्लँकेटांना लेबलं शिवणारी एक बाई होती. मी लेबलावरचा मजकूर उतरवून घेत होते, तर ती म्हणाली, हे लेबल या मालाचं नाहीच, दुसऱ्या कुठल्यातरी मालाचं आहे, छापून उरलंय म्हणून लावतोय. या लाल ब्लँकेटाचा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत जातो. मी परत येऊन वर्णनात लिहिलं की पहिल्या तीन वेळा हे वेगळं धुवा, रंग जातो. आमचे मॅनेजर म्हणाले, असं लिहिलं तर कोण घेईल? मी त्यांच्या केबिनमध्ये गेले नाही, पण तीन ईमेल पाठवले. तिसऱ्यात लिहिलं की गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट गुलाबी झाला तर तो ब्लँकेट परत करेलच, वर आपल्याला शिव्याही देईल. ते वाक्य वेबसाइटवर राहिलं.

बाबांनी खाली लिहिलं: ‘हे मसुद्यात का नाही?’

मी: ‘ही काय सांगण्यासारखी गोष्ट आहे?’

बाबा: ‘हीच आहे.’

मग ती मसुद्यात गेली. जाताना तिने बाबांचे कपडे घातले: ‘पानिपत येथील उत्पादकाच्या धुलाईविषयक सूचनांमध्ये आवश्यक ती सुधारणा सुचविली व ती मान्य करण्यात आली.’ लेबलं शिवणारी बाई गेली, शर्टही गेला. पण वाक्य भारदस्त दिसत होतं, आणि कुठलं मराठी बरोबर हे ठरवायची माझी हिंमत नव्हती. बाबांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, एवढंच मला माहीत होतं.

मुदतीला चार दिवस उरले असताना त्यांचा शेवटचा मुद्दा आला: ‘अर्जदारास ही नोकरी का हवी आहे, हे अद्याप स्पष्ट होत नाही.’

ती फाइल मी दोन दिवस माझ्याकडे ठेवली. मग लिहिलं: ‘मला नाशिकला यायचं नाही. माझं सगळं इथे आहे. नोकरी मिळाली तर मी मुनिरकात खोली घेऊन राहीन. हे पत्रात घालायचं नाही, फक्त तुम्हाला सांगतेय. आईला सांगू नका.’ फाइल फ्रिजवर ठेवली आणि लवकर झोपले.

सकाळी खाली एकच शब्द होता. ‘पाहिले.’ सही, तारीख. नाश्त्याला बाबांनी माझ्याकडे लोणचं मागितलं आणि ऑफिसला गेले. मला राग आला. एवढं लिहिल्यावर माणूस काहीतरी लिहील, असं वाटलं होतं.

शेवटच्या दिवशी मी पत्र पांढऱ्या कागदावर उतरवलं. तिसऱ्या प्रयत्नात ते खाडाखोड न होता पूर्ण झालं. मोबाइलवर स्कॅन केलं तर तिरकं येत होतं. बाबांनी त्या दिवशी रजा घेतली होती. ते म्हणाले, ‘दे, मार्केटमध्ये दुकानात नीट करून आणतो आणि तिथूनच पाठवतो.’ मी पत्र फाइलीत घालून दिलं, त्यांच्या मोबाइलवर माझं ईमेल उघडून दिलं, पत्ता आणि विषय लिहून ठेवला. जोडायचं तेवढं बाकी होतं.

तासाभराने ते परत आले, चपला काढल्या आणि म्हणाले, ‘चलो, गेला अर्ज. पूर्ण फाइल व्यवस्थित गेली.’

‘पूर्ण म्हणजे?’

‘म्हणजे पूर्ण. पत्र आणि नोटिंग.’

माझ्याआधी आई बोलली. ‘अहो, घरातली कटकट पाठवलीत तुम्ही?’

‘कटकट कसली? पत्रासोबत नोट नसेल तर वरचा माणूस निर्णय कशावर घेणार?’ ते खरंच गोंधळले होते. चौतीस वर्षांत त्यांनी नोटिंगशिवाय पत्र वर पाठवलं नव्हतं. आता हे पत्र कुणा वरच्या साहेबाकडे गेलेलं नसून दारातून बाहेर गेलंय, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते खुर्चीवर बसले. ‘अरे,’ ते म्हणाले.

आईने फाइल हातात घेतली. मी ‘नको’ म्हणेपर्यंत ती हिरवी पानं उलटायला लागली होती. शेवटच्या पानावर ती थांबली. मी तिच्या चष्म्याकडे बघत होते.

‘आईला सांगू नका,’ तिने मोठ्याने वाचलं. ‘का? आई काय वाघ आहे?’

‘तसं नाही.’

‘आणि तुम्ही नुसतं पाहिलंत?’ हे बाबांना.

‘विचाराधीन होतं,’ बाबा म्हणाले.

‘विचाराधीन!’ आईने फाइल टेबलावर आपटली आणि आत गेली. नंतर बराच वेळ कपाटातून भांडी काढून पुन्हा लावल्याचे आवाज येत होते.

मी लॅपटॉप उघडला. बाबा दारात येऊन उभे राहिले. ‘मी शुद्धिपत्रक लिहून देऊ का?’

‘नको बाबा. बिल्कुल नको.’

मी स्वतःच लिहिलं, आणि या वेळी त्याला पाच मिनिटं लागली: ‘पहिलं पान माझा अर्ज आहे. बाकीची पानं चुकून आली आहेत. ती घरातली आहेत, कृपया वाचू नका.’ पाठवलं. नोकरी गेली, असं मी धरून चालले. मामेभावांची आठवण आली.

आठवडाभर घरात या विषयावर कुणी बोललं नाही. मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज बाईंचा होता, वयस्क, घाईतला.

‘तुमची बाकीची पानं वाचली मी. वाचू नका म्हटलंत म्हणून आधी तीच वाचली.’

मी सॉरी म्हटलं.

‘अर्ज वडिलांनी लिहिलाय का?’

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे पुरावा होता. ‘अर्धा,’ मी म्हटलं.

‘हं. त्यातला पहिला अर्धा की शेवटचा?’

‘दोन्हीतला थोडा थोडा.’

त्या हसल्या नाहीत. ‘नुसता अर्ज आला असता तर मी फोन केला नसता. चूक काही नाही त्यात, पण अशी पत्रं ढीगभर येतात. त्यातलं माणूस दिसत नाही. ते ब्लँकेटचं तुम्ही वडिलांना जसं सांगितलंय, तसं मला गीझरबद्दल लिहून हवंय. जमेल का ते बघू. गुरुवारी या. अर्धा दिवस काम देईन, खरं काम. मोबाइल बाहेर ठेवायचा, शब्दकोश देऊ.’ मग फोन ठेवता ठेवता, ‘आणि वडिलांना सांगा, त्यांचा तिसरा मुद्दा बरोबर होता.’

मुनिरकाहून नोएडाला मेट्रो सरळ जाते. गुरुवारी मी तासभर आधीच पोचले आणि त्या इमारतीखाली चहा पीत उभी राहिले.

गीझरची पुस्तिका बारा पानांची होती. पहिलंच वाक्य होतं, ‘उपकरणाचे प्रचालन आरंभ करण्यापूर्वी टाकीमधील जलपूर्ती सुनिश्चित करावी.’ मी ते बराच वेळ बघत बसले. मग कागदाच्या कडेला हिरव्या कागदावर लिहायची तसं लिहिलं, जणू कुणीतरी मला विचारतंय की म्हणजे नक्की काय करायचं. ‘गीझर चालू करण्याआधी टाकी भरली आहे ना, बघा. गरम पाण्याचा नळ उघडा. पाण्याची धार सलग यायला लागली की टाकी भरली.’ पुढचं वाक्य, त्यापुढचं. काही शब्द मला येत नव्हते, ते शब्दकोशात बघितले. तिथले शब्द घरात कुणी बोलणार नाही असे होते, म्हणून ते सोडून साधं सांगितलं. दुपारपर्यंत सात पानं झाली.

बाईंनी ती पेन्सिल घेऊन वाचली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना गोल करत गेल्या. गोल पुष्कळ होते. मी ते मोजणं थांबवून खिडकीबाहेर बघायला लागले.

‘लेखन कच्चं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘शिकावं लागेल, आणि मी सौम्यपणे शिकवत नाही.’

‘हो.’

‘पण हे वाचून गीझर चालू करता येईल. सहा महिन्यांसाठी घेते. पुढचं तेव्हा बघू.’ पेन्सिल कानामागे खोचत त्यांनी विचारलं, ‘राहायचं काय करणार? मुनिरकाच?’

त्या शेवटच्या पानाबद्दल त्या याहून अधिक कधीच बोलल्या नाहीत. नेमणुकीचं पत्र दोन दिवसांनी ईमेलने आलं. ते इंग्रजीत होतं.

घरी मी ते लिहून ठेवलं नाही. आई-बाबा जेवायला बसले होते, बातम्या चालू होत्या. मी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. असं मी आधी कधी केलं नव्हतं, त्यामुळे दोघांनीही हात थांबवला.

‘नोकरी मिळाली,’ मी म्हटलं. ‘सहा महिन्यांची. मी इथेच राहणार आहे.’

‘लेखी आहे ना?’ बाबांनी विचारलं.

‘हो.’

‘वा,’ ते म्हणाले, आणि ‘वा’ पुन्हा एकदा म्हणाले. 

आईने माझ्या ताटात पोळी वाढली. ‘खोली मी बघणार,’ ती म्हणाली. ‘तू बघशील तर घरमालकीण जे म्हणेल त्याला मान हलवून येशील.’

रविवारी आम्ही मुनिरकात चार खोल्या बघितल्या. तिसऱ्या खोलीच्या मालकिणीने आईला विचारलं, ‘लड़की अकेली रहेगी?’ आई म्हणाली, ‘हां जी, और हमसे ज़्यादा चुपचाप रहेगी. पानी कितने बजे आता है?’ बाबा नळ उघडून बघत होते, मग त्यांनी खिडकीची कडी दोनदा लावून पाहिली. खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. ऊन येण्याचा प्रश्नच नव्हता. मी तीच खोली घेतली.

जिना उतरताना आई माझ्या पुढे होती. जिना अरुंद होता, तिने कठडा धरला होता.

‘सहा महिन्यांनी काय?’ मागे न बघता तिने विचारलं.

‘माहीत नाही.’

ती आणखी दोन पायऱ्या उतरली. मग म्हणाली, ‘तिकडची मागची खोली मी रिकामी ठेवते. सामान भरत नाही त्यात.’

‘ठेव,’ मी म्हटलं. ‘पण मामाकडून कुणी आलं तर झोपू दे त्यांना तिथे.’